वेग विकला, तो ब्रेकसकट!

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक पोट्टा नक्की असेल. घरची जुनी स्विफ्ट नाहीतर पोलो हाती आली, की पहिल्या महिन्यात अलॉय व्हील, दुसऱ्या महिन्यात घुमणारा सायलेन्सर आणि तिसऱ्यापासून ईसीयू रिमॅपसाठी पैसे साठवणं सुरू. ब्रेकचं विचारून बघा. काऊन, ते तं कंपनीनं देल्लेच हायेत ना! विषय संपला.

हाच पोट्टा पावसाळ्यात चार दोस्तांना घेऊन चिखलदऱ्याला जातो. वर चढताना इंजिनाचं कौतुक होतं, पण गाडीची खरी परीक्षा असते उतरताना. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर आहे, परतवाडा ४०० च्याही खाली. म्हणजे उतार झाला सातशे मीटरचा. पाच जण बसलेली छोटी कार १३०० किलोच्या आसपास भरते. एवढं वजन सातशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात पंचवीस लिटर थंड पाणी खळखळून उकळेल. त्यातला काही वाटा हवा, टायर आणि गिअरमध्ये असलेलं इंजिन उचलतं. उरलेली सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते, आणि त्यातही जास्त करून पुढच्या दोन चाकांत.

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्याला हे गणित फार लवकर कळलं होतं. त्याचं नाव जॉन कूपर. मिनी कूपर या गाडीवरचं 'कूपर' ते याचंच. तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्म व्हायच्या आधी तो गेला. पण छोट्या गाडीला वेगवान करायचं म्हणजे नेमकं काय काय करायचं, याचा धडा त्याच्या आयुष्यात सापडतो. त्यात पुढच्या ब्रेकचा एक प्रवास आहे: ७ इंच, मग ७.५ इंच, मग ८.४ इंच. तो नीट समजून घेतला, तर तुमचे पैसे वाचतील. कदाचित त्याहून जास्त काही वाचेल.

पंधराव्या वर्षी शाळेला रामराम

जॉनचा जन्म १७ जुलै १९२३ चा. गाव सर्बिटन, लंडनच्या नैर्ऋत्येला. वडील चार्ल्स कूपर यांचं गॅरेज होतं, आणि त्याआधी त्यांनी के डॉन नावाच्या नामवंत रेसिंग ड्रायव्हरकडे मेकॅनिकचं काम केलेलं. त्यामुळे घरात ग्रीस आणि पेट्रोलचा वास कायमचाच. जॉन बारा वर्षांचा असताना वडिलांनी ऑस्टिन सेव्हनच्या सुट्या भागांतून त्याला एक गाडी बनवून दिली. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि हत्यारं बनवायच्या कामावर शिकाऊ म्हणून लागला. इंजिनिअरिंगची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. कागदावर आकडेमोड करण्यापेक्षा आधी बनवून बघायचं, मग सुधारायचं, अशी त्याची रीत होती.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंडमध्ये सगळ्याचाच तुटवडा. पेट्रोल रेशनवर, पोलाद मिळेना. पोरांना मात्र शर्यती खेळायच्या होत्या. मग ५०० सीसीच्या मोटारसायकल इंजिनावर चालणाऱ्या स्वस्त रेसिंग गाड्यांचा एक प्रकार पुढे आला. १९४६ मध्ये जॉन, त्याचा मित्र एरिक ब्रँडन आणि वडील चार्ल्स यांनी मिळून एक गाडी जोडली. दोन फियाट टोपोलिनो गाड्यांचे पुढचे भाग कापून घेतले. एक पुढे लावला, दुसरा उलटा करून मागे. इंजिन जॅप कंपनीचं, मोटारसायकलचं. ते चेनवर चालायचं, म्हणून चाकांजवळ असणं सोयीचं. त्यामुळे त्यांनी ते ड्रायव्हरच्या मागे बसवलं.

यामागे कुठलाही मोठा सिद्धांत नव्हता. सोय बघितली, एवढंच. पण या सोयीने पुढे मोटार रेसिंगचं जग उलटंपालटं केलं.

घोडा गाडीच्या मागे

गाडी पळायला लागली, तशा दुसऱ्यांच्या मागण्या यायला लागल्या. कूपर कार कंपनी उभी राहिली. १९४८ मध्ये अठरा वर्षांच्या एका मुलाने त्यांच्याकडून गाडी घेतली. त्याचं नाव स्टर्लिंग मॉस. पुढे तो जगातल्या सर्वोत्तम ड्रायव्हरांपैकी एक ठरला.

त्या काळी फॉर्म्युला वनच्या मोठ्या गाड्यांचं इंजिन पुढे असायचं. फेरारी, मसेराटी सगळ्यांचंच. कूपरच्या गाड्यांचं इंजिन मागे. गाड्या लहान, हलक्या, आणि त्यांची ताकदही कमी. जानेवारी १९५८ मध्ये अर्जेंटिनाच्या शर्यतीत मॉस रॉब वॉकरच्या खासगी संघाची कूपर घेऊन उतरला, आणि टायर न बदलता सगळं अंतर काढून जिंकला. मागे इंजिन असलेल्या गाडीचा फॉर्म्युला वनमधला हा पहिला विजय. १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबहॅम कूपर चालवून विश्वविजेता झाला. १९५९ ची शेवटची शर्यत अमेरिकेत सेब्रिंगला होती. शेवटच्या फेरीत ब्रॅबहॅमचं पेट्रोल संपलं, तर त्याने गाडी हाताने ढकलत रेषेपार नेली आणि चौथा आला. ती शर्यत जिंकली ब्रूस मॅक्लॅरेनने, तीही कूपरमध्येच. वय वर्षं बावीस. आज ज्याच्या नावाचा संघ तुम्ही टीव्हीवर बघता, तोच हा.

१९६१ मध्ये कूपरची गाडी अमेरिकेच्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत उतरली. तिथल्या धिप्पाड गाड्यांपुढे ती खेळण्यासारखी दिसत होती. ब्रॅबहॅम नववा आला. निकाल साधाच, पण बघणाऱ्यांना जे कळायचं ते कळलं. १९६४ नंतर पुढे इंजिन असलेली गाडी तिथे कधीच जिंकली नाही.

या सगळ्यातून जॉनच्या हाताला एक गोष्ट पक्की लागली होती. हलकी गाडी वळणावर कमी हळू करावी लागते, आणि ब्रेक उशिरा दाबता येतो. शर्यतीत वेळ वाचतो तो सरळ रस्त्यावर कमी, आणि ब्रेक कुठे दाबायचा त्या जागेवर जास्त. हे ज्याला माहीत आहे, त्याला ब्रेक म्हणजे इंजिनाचा दुश्मन वाटत नाही.

आणि मग आली मिनी

१९५६ मध्ये सुएझ कालव्याचं संकट आलं आणि इंग्लंडमध्ये पेट्रोलचं रेशनिंग पुन्हा सुरू झालं. बीएमसी या मोठ्या कंपनीने आपल्या डिझायनरला, ॲलेक इसिगोनिसला, एक काम दिलं: कमी पेट्रोल पिणारी, चार माणसं बसणारी, शक्य तितकी छोटी गाडी बनव. आपली ॲम्बेसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, तीही याच बीएमसीची. ऑगस्ट १९५९ मध्ये मिनी बाजारात आली. लांबी जेमतेम तीन मीटर, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही आखूड. इंजिन आडवं बसवलेलं, ८४८ सीसीचं, ३४ हॉर्सपॉवर. वजन सहाशे किलोच्या आसपास. चाकं फक्त १० इंची, कारण चाकांनी आतली जागा खाऊ नये.

इसिगोनिस आणि जॉन जुने दोस्त. इसिगोनिस स्वतः घरी बनवलेली रेसिंग गाडी पळवायचा, तिथूनच ओळख झालेली. जॉनने मिनी चालवली आणि त्याचं डोकं चाललं. ही गाडी वळणावर रुळावरून जावी तशी जाते. हिला थोडी ताकद दिली तर? १९५९ च्या इटालियन शर्यतीसाठी तो मिनी घेऊन थेट मॉन्झाला गेला. तिथे फेरारीची इंजिनं घडवलेला आणि तेव्हा फियाटमध्ये असलेला ऑरेलिओ लांप्रेडी यानेही ती चालवून बघितली आणि तो खूश झाला.

इसिगोनिसला मात्र ही कल्पना पटेना. त्याच्या दृष्टीने मिनी ही सामान्य माणसाची गाडी होती. नर्स, शिक्षक, कारकून यांच्यासाठी. तिला शर्यतीत का पळवायचं? मग जॉन त्याच्या वरच्या माणसाकडे, जॉर्ज हॅरिमनकडे गेला. शर्यतीच्या नियमात बसायचं तर किमान १००० गाड्या बनवणं भाग होतं. एवढ्या खपतील की नाही, याचीच हॅरिमनला शंका. तरी त्याने होकार दिला. ठरलं असं, की प्रत्येक गाडीमागे जॉनला दोन पौंड मिळतील. सप्टेंबर १९६१ मध्ये मिनी कूपर बाजारात आली. पुढच्या दहा वर्षांत लाखाहून जास्त खपल्या.

५५ घोडे, आणि सोबत दोन चकत्या

आता मुद्द्याच्या जागी येऊ. कूपरमध्ये काय बदललं? इंजिन ९९७ सीसीचं झालं, दोन कार्बोरेटर लागले, ताकद ३४ वरून ५५ हॉर्सपॉवरवर गेली. साधी मिनी ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास पळायची, ही १३५ च्या आसपास. फार वाटत नाही ना? पण धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे बारावीच्या फिजिक्समध्ये घोकलेलं आठवा. वेग साधारण १७ टक्क्यांनी वाढला, की थांबवायची ऊर्जा वाढते जवळजवळ ३८ टक्क्यांनी. ४० वरून ८० वर गेलात, तर सरळ चौपट.

साध्या मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा. त्याच्या आतून दोन शू बाहेरच्या बाजूला दाबले जातात. पाय कमी दाबूनही ब्रेक चांगला लागतो, कारण फिरणारा ड्रम शूला स्वतःच आत ओढतो. पण उष्णता डब्यातच कोंडते. ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर जातो, आणि पेडल खाली खाली जायला लागतं. सहाशे किलोच्या, ३४ हॉर्सपॉवरच्या गाडीला ते चालून गेलं. ५५ ला चालणार नव्हतं.

उत्तर होतं डिस्क. उघड्यावर फिरणारी लोखंडी चकती आणि दोन्ही बाजूंनी तिला चिमटीत पकडणारे पॅड. ही कल्पना नवी नव्हती. इंग्लंडच्याच फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. पण तेव्हा पॅडसाठी चांगला पदार्थच नव्हता. तांब्याचे पॅड किंचाळायचे आणि झिजून जायचे. १९५३ मध्ये जॅग्वारने डनलॉपच्या डिस्क लावून ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तेव्हा जगाने पुन्हा तिकडे बघितलं. हे लक्षात ठेवा: कल्पना बरोबर होती, पण पॅडअभावी ती पन्नास वर्षं अडकली. चकती डोळ्यात भरते, पण काम पॅडवर अडतं.

मिनीची अडचण वेगळी होती. चाक १० इंची. त्याच्या आत चकतीही बसवायची आणि तिला पकडणारा कॅलिपरही. लॉकहीड कंपनीने खास या गाडीसाठी ७ इंची डिस्क तयार केल्या, म्हणजे साधारण १७८ मिलिमीटर. त्या फक्त पुढच्या चाकांना लागल्या. मागे ड्रम तसेच ठेवले.

फक्त पुढेच का? तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा गाडी नाक खाली घालते. वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात. टायरची पकड वजनावर अवलंबून. त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. मागे फार जोरदार ब्रेक दिला, तर मागची चाकं आधी अडकतील आणि गाडी गोल फिरेल. मिनीत मागच्या ब्रेकचा दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह पहिल्यापासून होता, तो याचसाठी. आजही आपल्याकडच्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांत पुढे डिस्क, मागे ड्रम असतो. कंपनी दरवेळी कंजूषपणा करते असं नाही. त्यामागे हे गणित आहे.

पहिला प्रयत्न कमी पडला

इथे गोष्ट आणखी मजेदार होते. ७ इंची डिस्क लागल्या म्हणून प्रश्न सुटला नाही. जोरात चालवणाऱ्यांना त्या अपुऱ्या वाटल्या. कारणं दोन. एक, चकती लहान. ब्रेकचा पिळा म्हणजे पॅडचं घर्षण गुणिले चाकाच्या मध्यापासूनचं अंतर. अंतर कमी, तर पिळा कमी. शिवाय लहान चकतीत लोखंड कमी, म्हणजे ती लवकर तापते. दोन, डिस्क ड्रमसारखी स्वतःला ओढून घेत नाही. पायाने जेवढं दाबाल तेवढंच, त्यामुळे पाय जास्त दाबावा लागतो.

दोन वर्षांत सुधारणा आली. १९६३ ची कूपर एस: १०७१ सीसी, ७० हॉर्सपॉवर. आणि इंजिनासोबत ब्रेकही बदलले. डिस्क ७.५ इंचाची, आधीपेक्षा जाड, आणि पायाला मदत करणारा व्हॅक्यूम सर्व्हो. अर्ध्या इंचाने काय होतं, असं वाटेल. पण १० इंची चाकात मुळात जागाच तेवढी होती. तेवढी जाडी, तेवढा व्यास आणि सर्व्हो, या तिन्हींनी मिळून फरक पडला.

पुढचा इतिहास डोंगरात घडला. जानेवारी १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क कूपर एस घेऊन माँटे कार्लो रॅली जिंकला. बर्फ, घाट, रात्री, आणि समोर कितीतरी पट ताकदीच्या गाड्या. १९६५ ला टिमो मॅकिनेन, १९६७ ला रौनो आल्टोनेन. १९६६ ला तर पहिले तिन्ही नंबर मिनीचे आले होते, पण हेडलाइटच्या नियमावरून त्यांना बाद केलं. बर्फाच्या घाटात नुसत्या ताकदीने कुणी जिंकत नाही. जो जास्त उशिरापर्यंत वेग ठेवू शकतो आणि तरी वळणाआधी हळू होऊ शकतो, तो जिंकतो.

दोन पौंडही गेले

त्याच १९६३ मध्ये जॉनवर घाला आला. दोन इंजिनांची एक प्रयोगाची मिनी, एक पुढे आणि एक मागे, चालवताना किंग्स्टन बायपासवर भीषण अपघात झाला. तो जबर जखमी झाला. संघ काही काळ त्याचा दोस्त केन टायरेलने सांभाळला. पुढच्या वर्षी वडील चार्ल्स गेले. १९६५ मध्ये जॉनने रेसिंग संघ विकून टाकला. तो संघ चार वर्षांत बंद पडला. ज्यांनी मागच्या इंजिनाची वाट दाखवली, त्यांच्याच मागे आलेले लोटससारखे संघ जास्त हुशार आकडेमोड घेऊन पुढे निघून गेले होते.

मग १९७१. बीएमसी आता ब्रिटिश लेलँड झाली होती आणि नवे साहेब लॉर्ड स्टोक्स यांना गाडीमागे दोन पौंड बाहेरच्या माणसाला देणं पटलं नाही. करार संपला. कूपर हे नाव मिनीवरून उतरलं. विश्वविजेता संघ घडवलेला माणूस आता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, फेरिंग नावाच्या गावात गॅरेज चालवत होता. वडिलांनी जिथून सुरुवात केली, तिथेच.

तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. पण त्याने हात थांबवले नाहीत. साधी मिनी अजून बनतच होती. १९८४ मध्ये सगळ्याच मिनींना १२ इंची चाकं मिळाली, आणि चाक मोठं झालं म्हणून पुढे ८.४ इंची डिस्क बसू शकली. १९६१ मध्ये फक्त शौकिनांसाठी असलेली सोय तेवीस वर्षांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला मिळाली. जपानमध्ये जुन्या मिनीचे वेडे खूप होते. त्यांच्यासाठी जॉनच्या गॅरेजमधून ताकद वाढवायचे किट जायला लागले. मागणी बघून रोव्हर कंपनीला जाग आली, आणि १९९० मध्ये मिनी कूपर पुन्हा बाजारात आली. एकोणीस वर्षांनी नाव परत जागेवर.

ऑक्टोबर २००० मध्ये शेवटची जुनी मिनी कारखान्यातून बाहेर पडली. तोवर सुमारे ५३ लाख बनल्या होत्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला जॉन कूपर गेला. वय ७७. पुढच्या वर्षी बीएमडब्ल्यूने नवी मिनी आणली. तिच्या सगळ्यात वेगवान रूपावर आजही त्याचंच नाव असतं: जॉन कूपर वर्क्स.

आता तुमच्या गाडीचं बोलू

जॉनच्या गाडीत इंजिन आणि ब्रेक एकाच सौद्यात आले. दुसऱ्यांदा ताकद वाढली, तेव्हा ब्रेकही दुसऱ्यांदा वाढले. आपल्याकडे रिमॅप आज होतो आणि ब्रेक 'नंतर बघू' होतात. हे उलटं आहे. तुम्हाला पुढचे ब्रेक सुधारायचेच असतील, तर क्रम असा ठेवा.

आधी टायर. गाडीला शेवटी रस्ता थांबवतो, आणि रस्त्याला टेकलेले असतात फक्त टायर. चाक अडकवण्याइतका किंवा एबीएस चालू होण्याइतका जोर तुमच्या ब्रेकमध्ये आधीच असेल, तर एकदाच कचकन थांबताना मोठी चकती अंतर कमी करणार नाही. मोठ्या चकतीचा फायदा असतो पुन्हा पुन्हा ब्रेक दाबताना, म्हणजे घाटात. घासलेल्या टायरवर महागडा ब्रेक म्हणजे फाटक्या चपलेला नवी लेस.

मग ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल धरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात ते उकळलं की पाइपमध्ये वाफ होते. वाफ दबते, ब्रेक दबत नाही. पेडल मऊ होऊन तळाला जातं. पाच हजारांचे पॅड घ्यायच्या आधी हे स्वस्तातलं काम करा. गाडीच्या पुस्तकात जो डॉट लिहिलाय तो बघा. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं प्रकरण आहे, ते यात मिसळायचं नाही.

तिसरे पॅड. लँचेस्टर आठवतो ना? पेडल कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, तर तापून पकड गेलीय ती पॅडची. चांगल्या कंपनीचे, रस्त्यावरच्या वापराचे पॅड घ्या. शर्यतीचे पॅड गरम झाल्याशिवाय पकडतच नाहीत. सकाळी कॉलेजला निघताना राजकमल चौकात ते तुमच्या काय कामाचे? नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून हळूहळू ब्रेक दाबत, मधे थंड होऊ देत, ते चकतीवर बसवून घ्यावे लागतात.

शेवटी चकती. मोठी डिस्क घ्यायची तर आधी चाक मोजा. मिनीचं सगळं भांडण चाकातल्या जागेचंच होतं. सोपी वाट म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीला कंपनीने लावलेली डिस्क, कॅलिपर आणि त्याचा ब्रॅकेट; तोही सगळा संच, पार्ट नंबर जुळवून. भोकं पाडलेली चकती नुसती दिसते म्हणून घेऊ नका. आणि फक्त पुढे खूप वाढवलंत, तर मागच्याशी तोल बिघडू शकतो, हेही विसरू नका.

दोन गोष्टी आणखी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ घडणीत मनमानी बदल करता येत नाही, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हेच विचारते. म्हणून कंपनीचे भाग, अधिकृत मेकॅनिक, पक्की बिलं. आणि सगळ्यात स्वस्त अपग्रेड गाडीत आधीच आहे: गिअर. घाट उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्यात राहा. पाय ब्रेकवर टेकवून ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा, थंड होऊ द्या. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे महाभाग तर घाटात दिसतातच. गाडीत इंजेक्टर असेल, तर गिअरमध्ये पाय उचलल्यावर इंजिन तसंही पेट्रोल घेत नाही.

पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिककाकांना तीनच प्रश्न विचारा. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? पॅड किती मिलिमीटर उरलेत? चकतीची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याच्या वर आहे का? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत रिमॅपचे पैसे खिशातच राहू द्या.